गाणाऱ्याच्या कानात काय जातं?

स्टुडिओ पाहायला आलेला पाहुणा आधी मायक्रोफोनपाशी थांबतो. किंमत विचारतो, फोटो काढतो. मग काचेपलीकडचा मिक्सर, भिंतींवरचे ध्वनिशोषक फलक, मोठे स्पीकर. कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवलेल्या पाच-सहा हेडफोनकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. खेदाची गोष्ट म्हणजे पुष्कळदा स्टुडिओच्या मालकाचंही जात नाही. माइकवर, स्पीकरवर पैसे सढळ हाताने खर्च होतात आणि हेडफोनच्या लाइनसाठी शेवटी उरतो तो एका आउटपुटची अनेक भोकं करणारा एक स्प्लिटर. मला ही उफराटी गोष्ट वाटते. माइक जे टिपतो ते आधी कुणीतरी गायला, वाजवायला लागतं आणि आजचा कलाकार गातो-वाजवतो ते कानात जे येतं त्याच्या आधाराने. कानात गढूळ गेलं तर माइकमध्ये गढूळच येतं आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निवळत नाही.

हे असं पूर्वीपासून नव्हतं. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' झाला तेव्हा गाणी कॅमेऱ्यासमोरच गायली जायची. नट गातोय, साथीदार चौकटीबाहेर बसलेत आणि सगळ्यांचा आवाज एकाच वेळी फिल्मवर उतरतोय. गाणारा साथ ऐकायचा ती हवेतून, त्याच जागेत. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाची वाट रुळवली आणि गाणं कॅमेऱ्यापासून सुटलं, पण गाणारा आणि वाजवणारे अजून एकत्रच होते. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताच्या ऐन भरात मोठमोठ्या हॉलमध्ये व्हायोलिनच्या रांगा बसायच्या. त्यांतले कितीतरी वादक गोव्याचे, स्टाफ नोटेशन सराईतपणे वाचणारे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखी माणसं ते कागद लिहायची. कंडक्टरचा हात वर गेला की सगळे एकदम. कुणाची एक चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या मोठ्या ताफ्याला बांधून ठेवणारी गोष्ट हेडफोन नव्हती, डोळे होते. हॉलच्या दोन टोकांना बसलेल्या वादकांत दहा मीटर अंतर असेल, तर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला साधारण २९ मिलिसेकंद लागतात. कानावर विसंबलात तर मागे पडता. म्हणून हाताकडे बघायचं.

वादकाच्या कानाला यंत्र लावण्याची गरज पहिल्यांदा भासली ती कार्टूनपटांत. डिस्नेचा 'द स्केलेटन डान्स' १९२९ चा. पडद्यावरच्या सांगाड्यांचं पाऊल आणि वाद्याचा ठोका एका क्षणी पडला पाहिजे, म्हणून संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांनी वादकांच्या कानात ठरावीक अंतराची टिकटिक सोडण्याची कल्पना काढली. आज ज्याला सगळे 'क्लिक' म्हणतात ती हीच.

पण हेडफोनवाचून पान हलणार नाही अशी वेळ आणली ती मल्टिट्रॅक टेपने. आधी वाजवलेलं ऐकत त्यावर नवं वाजवायचं, म्हणजे जुनं कानात हवं आणि माइकमध्ये नको. इथे एक अडचण होती आणि ती मला फार मनोरंजक वाटते. टेप मशीनवर रेकॉर्ड करणारं हेड आणि ऐकवणारं हेड शेजारी शेजारी, पण वेगळी असत. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावतेय आणि दोन हेडांमध्ये समजा चार सेंटिमीटर अंतर आहे, तर कानात येणारं गाणं सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने मागे पडतं. त्यावर वाजवलेलं काहीच जुळत नाही. अँपेक्स कंपनीने १९५० च्या दशकात त्यावर 'सेल-सिंक' नावाचा तोडगा काढला. रेकॉर्ड करणाऱ्या हेडमधूनच जुने ट्रॅक ऐकवायचे. त्या हेडमधून येणारा आवाज बोथट, पण वेळेला पक्का. गिटारवादक लेस पॉल यांना १९५७ मध्ये मिळालेलं आठ ट्रॅकचं मशीन याच तत्त्वावर चालायचं. कलाकाराच्या कानात कमअस्सल आवाज पाठवून का होईना, पण वेळ सांभाळायची, हा सौदा तेव्हापासूनचा.

'सैराट'चं सिंफनी संगीत अजय-अतुल यांनी कल्वर सिटीतल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केलं, हे मराठी रसिकांना ठाऊक आहे. तसल्या स्टेजवर वादकांच्या खुर्च्यांपाशी हेडफोन असतो. एका कानावर क्लिक, दुसरा कान शेजाऱ्यासाठी मोकळा. खुर्च्या कितीही असोत, लेव्हल सगळीकडे सारखी आणि एकाचा हेडफोन बिघडला तर शेजाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हे कसं साधतं आणि आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओत का साधत नाही, ते एका प्रसंगावरून सांगतो.

पुण्यात एका अभंगांच्या रेकॉर्डिंगला मी बसलो होतो. बुवा गाणार, पेटीवर एक काका, तबल्यावर त्यांचा पुतण्या. तिघांच्याही कानाला २५० ओहमचे हेडफोन, तिन्ही एका स्प्लिटरवर आणि तो स्प्लिटर मिक्सरच्या एकुलत्या एका हेडफोन आउटपुटमध्ये. तासभर ठीक चाललं होतं. मग टाळ वाजवणारा मुलगा आला. चौथा हेडफोन नव्हता, म्हणून त्याने खिशातला मोबाइलचा इयरफोन काढला, पिनेला ॲडॅप्टर लावला आणि स्प्लिटरच्या चौथ्या भोकात खुपसला.

"अरे, आवाज गेला," बुवा म्हणाले.

"माझाही," काका.

रेकॉर्डिस्टने काचेमागून व्हॉल्यूम चढवला. सगळे खूश. अभंगाचं ध्रुवपद झालं, अंतरा निम्मा झाला आणि टाळवाल्या मुलाने कानात टोचतंय म्हणून इयरफोन उपसला. त्याच क्षणी बुवांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानावरून ओढून काढला. तबल्याचे बोल चुकले. टेक वाया गेला. बुवा चिडले नाहीत, नुसते कान चोळत बसले. पण पुढचा अर्धा तास त्यांचा आवाज मोकळा लागला नाही.

यात दोष ना मुलाचा, ना रेकॉर्डिस्टच्या हाताचा. हा सगळा ओहमच्या नियमाचा हिशेब आहे आणि तो शाळेत विज्ञान शिकलेल्या कुणालाही मांडता येईल. हेडफोन शेजारी शेजारी जोडले की त्यांचा एकत्रित रोध कमी होत जातो. २५० ओहमचे तीन मिळून होतात साधारण ८३ ओहम. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला स्वतःचाही थोडा अंतर्गत रोध असतो. तो ४७ ओहम धरू. मग ॲम्प्लिफायरने दिलेल्या व्होल्टेजपैकी सुमारे ६४ टक्के हेडफोनपर्यंत पोचतं. बाकीचं आतल्या रोधात खर्ची पडतं. आता १६ ओहमचा इयरफोन आला. चौघांचा मिळून रोध उरला जेमतेम साडेतेरा ओहम आणि हेडफोनपर्यंत पोचणारं व्होल्टेज आलं २२ टक्क्यांवर. म्हणजे सगळ्यांचा आवाज नऊ डेसिबलने पडला. कानाला तो जवळजवळ निम्मा वाटतो. रेकॉर्डिस्टने ती घट भरून काढली आणि इयरफोन निघताच तेच नऊ डेसिबल बुवांच्या कानावर उलटून आले.

त्या दिवशी चौथाही हेडफोन २५० ओहमचाच असता, तर फरक एक डेसिबलच्या आसपास पडला असता आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून पहिली गोष्ट ही, की एका लाइनवर वेगवेगळ्या इम्पिडन्सचे, म्हणजे रोधाचे, हेडफोन मिसळू नयेत. यात फसायला होतं, कारण बाहेरून काही दिसत नाही. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो स्टुडिओंमध्ये सर्रास दिसतो. तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तिन्ही प्रकारांत मिळतो आणि लांबून तिन्ही सारखेच. सोनीचा एमडीआर ७५०६ हा ६३ ओहमचा. ब्रिटिश स्टुडिओंत वर्षानुवर्षं चाललेला डीटी १०० हा ४०० ओहमचा. हे सगळे एका पाटीत ठेवलेले असतात आणि ज्याच्या हाताला जो लागेल तो तो घेतो. हेडफोनच्या पट्टीवर पांढऱ्या टेपवर मार्करने आकडा लिहून ठेवायला किती वेळ लागतो?

दोन हेडफोन एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये जोडावेत असंही काही जण सुचवतात. ते करू नये. स्टीरिओ हेडफोनमध्ये डाव्या-उजव्या बाजूंची परतीची तार एकच असते, त्यामुळे तशी जोडणी नीट होतच नाही. झालीच तर एकाच्या हेडफोनचा स्वभाव दुसऱ्याच्या आवाजात मिसळतो.

मग पूर्वीच्या स्टुडिओंत दहा-पंधरा हेडफोन कसे चालत? त्याची रीत साधी होती आणि अजूनही ती कामाची आहे. स्पीकरसाठीचा एक दणकट पॉवर ॲम्प्लिफायर घ्यायचा, त्याची लाइन फ्लोअरवर फिरवायची आणि जागोजागी पत्र्याचे डबे लावायचे. डब्यात प्रत्येक सॉकेटच्या आधी, डाव्या-उजव्या बाजूला एकेक रेझिस्टर. ८ ओहमला १०० वॉट देणारा ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीने २८ व्होल्ट काढतो. हे व्होल्टेज थेट २५० ओहमच्या हेडफोनला मिळालं तर तीन वॉटहून जास्त ताकद त्यात घुसेल आणि बहुतेक हेडफोनची सहनशक्ती वॉटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. म्हणजे कॉइल जळणार. कानाचं काय होईल ते वेगळंच. मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर आला की दोन गोष्टी होतात. ताकद बरीच कमी होते आणि एखादा हेडफोन शॉर्ट झाला तरी त्या फांदीचा रोध ३३० ओहमच्या खाली जात नाही. दहा हेडफोन लावले, दहाच्या दहा शॉर्ट झाले, तरी ॲम्प्लिफायरला दिसतात ३३ ओहम. ८ ओहमसाठी बनवलेल्या यंत्राला ते काहीच नाही.

शॉर्टची भीती काल्पनिक नाही. पाव इंची स्टीरिओ जॅक सॉकेटमध्ये सरकवताना त्याचं टोक आतल्या वेगवेगळ्या पात्यांना पुसत जातं आणि क्षणभर नको ते नको त्याला चिकटतं. कुणी गिटारची मोनो केबल हेडफोनच्या सॉकेटला लावली, तर उजवी बाजू कायमचीच शॉर्ट. नुसत्या स्प्लिटरवर अशा वेळी सगळ्यांचीच उजवी बाजू बंद पडते. रेझिस्टर असला तर ज्याने चुकीची केबल लावली त्याचीच पडते.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टर घ्यायला गेलात तर दुकानदार सवयीने पाव वॉटचा काढून देईल. तो इथे चालणार नाही. पूर्ण व्होल्टेजवर शॉर्ट झाल्यास ३३० ओहमच्या रेझिस्टरमध्ये सुमारे २.४ वॉट उष्णता तयार होते. पाच वॉटचा, पांढऱ्या चिनीमातीच्या आवरणातला मागावा. तो डब्यातल्या कुठल्याही प्लास्टिकला किंवा तारेला टेकणार नाही असा बसवावा आणि डब्याला हवेसाठी भोकं ठेवावीत. आणखी एक इशारा इथेच देतो, कारण त्यात यंत्रं जळालेली आहेत. आजकाल मिळणारे छोटे क्लास-डी बोर्ड आणि बरेचसे गाड्यांचे ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो आणि निगेटिव्ह तार जमिनीला जोडलेली नसते. हेडफोनसाठी डाव्या-उजव्या निगेटिव्ह एकत्र बांधल्या की असा बोर्ड जळू शकतो. अशा ॲम्प्लिफायरला हेडफोनच्या डब्यासाठी हात लावू नये.

डब्याच्या या पद्धतीत एक उणीव आहे आणि तबला-पखवाजाच्या संगीताला ती जास्त बोचते. बहुतेक हेडफोनचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. खालच्या पट्टीत, जिथे त्याचा पडदा स्वतःहून थरथरायला लागतो, तिथे तो वाढतो. समजा ३२ ओहमचा हेडफोन तिथे ६० ओहमचा झाला. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध अगदी कमी असेल तर काही बिघडत नाही. पण मध्ये ३३० ओहम असतील तर त्या खालच्या स्वरांना जवळजवळ पाच डेसिबल फुकट मिळतात. डग्ग्याची घुमक फुगते, तबलजीला वाटतं आपला हात जड पडतोय आणि तो डग्गा दाबून वाजवू लागतो. ध्वनिमुद्रणात मग डग्गा कोरडा येतो आणि त्याचं खापर माइकवर फुटतं. हेडफोनच्या आउटपुटला १२० ओहम असावेत असं एक आंतरराष्ट्रीय मानकही सुचवत असे, त्यामुळे जुन्या यंत्रांत हा दोष थोडाफार असतोच. २५० किंवा ४०० ओहमचे हेडफोन वापरले तर त्याची धार कमी होते. जुन्या स्टुडिओंचा जास्त ओहमच्या हेडफोनवर जीव होता तो उगीच नव्हे.

खरा इलाज म्हणजे हेडफोन वितरण ॲम्प्लिफायर. एक इंची-दोन इंची उंचीची पेटी, आत चार किंवा आठ स्वतंत्र छोटे ॲम्प्लिफायर, प्रत्येकाला आपला व्हॉल्यूम. युक्ती अशी, की वाटणी हेडफोनपाशी होत नाही, त्याच्या आधीच होते. प्रत्येक छोट्या ॲम्प्लिफायरच्या इनपुटचा रोध समजा दहा हजार ओहम. आठ जोडले तरी येणाऱ्या लाइनला साडेबाराशे ओहम दिसतात, म्हणजे ओझं जवळजवळ नाहीच. पुढे प्रत्येक हेडफोन आपापल्या ॲम्प्लिफायरवर एकटा. टाळवाल्याने इयरफोन लावला काय, उपसला काय, बुवांना काही फरक पडत नाही. स्वस्त पेट्यांमध्ये मात्र आतली चिप बघावी लागते. एनई ५५३२ ही नावाजलेली चिप ६०० ओहमचा भार सुखाने ओढते. ३२ ओहमचा हेडफोन तिच्याकडून जोरात वाजवून घ्यायला गेलं की आवाज फाटतो. पेटी चांगली, हेडफोनही चांगला आणि जोडी विजोड, असं होऊ शकतं.

त्या पुण्याच्या स्टुडिओत आता आठ चॅनेलचा वितरण ॲम्प्लिफायर आला आहे. मी पुन्हा गेलो तेव्हा बुवांचंच काम चालू होतं, पण आता अडचण वेगळी होती. सगळ्यांना व्हॉल्यूम आपापला मिळाला, मिश्रण मात्र एकच होतं. बुवांना पेटी जास्त हवी, तबलजीला पेटी नकोशी. तबलजीला क्लिक खणखणीत हवी आणि बुवा म्हणतात, "ती टकटक बंद कर रे, विठ्ठल पळून जाईल." रेकॉर्डिस्टने मिक्सरच्या दोन ऑक्स लाइन, म्हणजे वेगळं मिश्रण पाठवता येणाऱ्या लाइन, सोडवल्या, एक बुवांसाठी, एक बाकीच्यांसाठी. बुवांच्या लाइनवर तानपुरा, पेटी आणि स्वतःचा आवाज, क्लिक नाही. लय त्यांनी तबल्याकडून घ्यायची आणि तबलजीने क्लिककडून. मोठ्या स्टुडिओंत आता प्रत्येकापुढे छोटा वैयक्तिक मिक्सर असतो. एका नेटवर्क केबलमधून सोळा चॅनेल येतात आणि कलाकार आपलं आपण मिसळून घेतो. ज्याला त्याची सवय आहे त्याला ते वरदान आहे. पण सत्तरीच्या पेटीवाल्या काकांसमोर सोळा बटणं ठेवून 'करा तुमचं तुम्ही' म्हणणं मला पटत नाही. त्यांचं मिश्रण रेकॉर्डिस्टनेच करावं आणि ते करताना काकांचाच हेडफोन स्वतःच्या कानाला लावून करावं.

गायकाच्या बाबतीत तर लेव्हलचा प्रश्न थेट गळ्याशी जोडलेला आहे. स्वतःचा आवाज कानात मोठा आला की माणूस नकळत हळू गातो. साथ मोठी आली की ओरडतो. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ मध्येच मांडलं होतं. स्टुडिओत हेच उपयोगी पडतं. गायक ताणून गातोय असं दिसलं तर 'बुवा, जरा हळू' म्हणण्यापेक्षा त्यांच्या कानातला त्यांचा आवाज दोन डेसिबल वाढवावा. गळा आपोआप सैल होतो. सूर सरकतोय असं वाटलं तर साथ कमी करून बघावी, किंवा एक कान उघडा ठेवायला सांगावं. पुष्कळ गायक ते स्वतःच करतात. मात्र ती मोकळी झालेली हेडफोनची वाटी गालावर दाबून धरावी लागते, नाहीतर त्यातली क्लिक थेट माइकमध्ये जाते आणि आलापाच्या शांत जागी टिकटिक ऐकू येते. यासाठीच गायकाला बंद पाठीचे हेडफोन द्यायचे. उघड्या पाठीचे कितीही गोड वाजत असले तरी ते कंट्रोल रूममध्येच बरे.

संगणकावर रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासून टेपच्या त्या दोन हेडांची अडचण नव्या रूपात परत आली आहे. आवाज संगणकात जाऊन परत कानात येईपर्यंत वेळ जातो. ४८ हजार सॅम्पल दराला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, जाणं-येणं धरून त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. तबलजी तेवढं कदाचित चालवून घेईल. गायकाला ते खुपतं, कारण त्याचा स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याच क्षणी पोचलेला असतो. मागून आलेला तोच आवाज त्यात मिसळला की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो. गायक म्हणतो, 'माझा आवाज आज लागत नाहीये.' आवाज लागलेला असतो. आवाज संगणकात न फिरवता इंटरफेसमधूनच थेट ऐकवण्याची सोय चालू केली की तक्रार मिटते.

आणि शेवटी कान. अमेरिकेची नायोश ही संस्था कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करते. ९४ ला एक तास, १०० ला पाव तास. हेडफोनमध्ये १०० डेसिबल गाठणं अजिबात कठीण नाही आणि तबलजी क्लिकसाठी ती पातळी सहज मागतो. त्या पुण्याच्या रेकॉर्डिस्टने आता आपल्या सहायकांना तीन सवयी लावल्या आहेत. हेडफोन लावताना-काढताना आधी व्हॉल्यूम शून्यावर. क्लिक ऐकू येत नसेल तर ती वाढवण्याआधी बाकीची वाद्यं कमी करायची. तेवढ्याने भागलं नाही तर क्लिकचा आवाज बदलायचा, टकटकीऐवजी खुळखुळ्यासारखा पातळ, तीक्ष्ण आवाज द्यायचा, तो कमी पातळीवरही भेदून येतो. आणि टॉकबॅकचं, म्हणजे काचेमागून कलाकारांशी बोलण्याचं, बटण दाबण्याआधी आपलाच माइक किती उघडा आहे ते बघायचं, कारण दिवसभरातला सगळ्यात मोठा आवाज गायकाच्या कानात जातो तो पुष्कळदा काचेमागून 'वन्स मोअर' म्हणणाऱ्याचाच.